रोंकेल्लाचा चढा सूर

बसमधून उतरल्यावर देल्फीनाला गाव दिसलंच नाही. इटलीतल्या पो नदीच्या बाजूची ही गावं नोव्हेंबरात अशीच. धुकं पडलं की समोर गाव आहे यावर विश्वास ठेवायचा आणि चालू लागायचं.

"नाकासमोर जा, सिन्योरा," ड्रायव्हर म्हणाला. "पुतळ्यावर आपटलात की चौक आला समजा."

पुतळा सापडला, पण नुसते बूट आणि कोटाचं टोक. वरचा माणूस धुक्यात होता. ज्याच्या ऑपेरांना अर्ध्या जगात रांगा लागतात तो संगीतकार या रोंकेल्ला गावचा. बाहेरचे त्याला माएस्त्रो म्हणतात; गावात तो नुसता 'म्हातारा', मरून नव्वद वर्षं झाली तरी.

देल्फीना बोस्की काही पुतळा बघायला आली नव्हती. मिलानच्या छापखान्यात तिने तीस वर्षं छापील सुरावटी तपासल्या होत्या. चुकलेला सूर तिला भातातल्या खड्यासारखा दाताखाली यायचा. तिचे वडील ओरेस्ते या गावचे. चोविसाव्या वर्षी मिलानच्या एका मोठ्या नाट्यगृहात कोरसमध्ये लागले. दहा दिवस तालीम, एक प्रयोग, आणि छुट्टी. ऑपेरा म्हाताऱ्याचाच होता. कापणीवाल्यांच्या कोरसमध्ये एकोणसाठ गळे एका जागी खाली उतरले आणि ओरेस्तेचा एकटा वर चढला. माळ्यावरच्या प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, दुसऱ्या दिवशी नाव कापलं गेलं, आणि पुढची सगळी वर्षं मिलानच्याच टायरच्या कारखान्यात गेली.

घरी मात्र ते तोच कोरस गुणगुणायचे आणि त्या जागी हटकून चढायचे. पंधरा वर्षांच्या देल्फीनाने, संगीतशाळेत पहिल्या आलेल्या शहाणीने, एकदा तोंडावर सांगितलं, "बाबा, तुमचा कान कच्चा आहे." त्या दिवसापासून घरातलं गुणगुणणं थांबलं, ते कायमचंच. आता वडील नव्हते, नोकरीही संपली होती. त्यांचा कान खरंच कच्चा होता का, एवढं एकच तिला जाणून घ्यायचं होतं.

ती कालव्याच्या कडेने निघाली. पॉपलरची झाडं एकेक करून पुढे यायची, ओळख दिल्यासारखी करायची आणि मागे विरून जायची. आवाज आधी यायचा, माणूस नंतर, कधी कधी माणूस यायचाच नाही. एक सायकल करकरत जवळ आली. सायकलवाला शीळ घालत होता, कापणीवाल्यांचा कोरस. देल्फीना सवयीने ती जागा यायची वाट बघत राहिली. शीळ तिथे आली आणि वर चढली. सायकल दिसली नाही.

भास झाला, असं तिने स्वतःला समजावलं. मग एका खिडकीआड कुणी बाई लाल भोपळा चिरत गात होती. तीही चढली. पुढे न्हाव्याच्या दुकानात दोन म्हातारे, एक बेसूर आणि एक त्याहून बेसूर, पण त्या जागी दोघेही नेमके चढले. धुक्यातून सगळीकडून तिचे बाबाच गुणगुणताहेत असं तिला वाटू लागलं. आपण जागे आहोत ना, म्हणून तिने हातमोजा काढून भिंतीला हात लावला. भिंत ओली आणि गार होती.

ती परत चौकात आली आणि झेलिंदाच्या खानावळीत शिरली. झेलिंदा सत्तरीची, ऐसपैस बाई. तिने न विचारता पांढऱ्या वाडग्यात लाल वाइन ओतून पुढे सरकवली.

"प्या. रंग उडालाय तुमचा. म्हातारा दिसला की काय?"

"तुम्ही सगळे तो कोरस असा का गाता?" देल्फीनाने विचारलं. "ती जागा खाली उतरते." आणि तिने हळूच म्हणून दाखवली, कागदावर आहे तशी.

पत्ते खेळणाऱ्या चौघांचे हात थांबले.

"मिलानच्या वाटतं?" एक जण म्हणाला.

"तिकडे उतरणारच," दुसऱ्याने पत्त्यातून मान वर न करता सांगितलं. "तिकडे सूपसुद्धा पाणचट असतं."

"गप रे, बाईमाणूस आहे," झेलिंदा म्हणाली. "सिन्योरा, तुम्ही समोर बँडच्या खोलीत जा. प्रीमो मास्तर आहेत. माशी बघून या, मग जेवायला बसा."

माशी कसली, ते कुणी सांगेना. सगळे गालात हसत होते.

प्रीमो मास्तर नव्वदीला टेकलेले. पन्नास वर्षं गावचा बँड चालवून आता फक्त चुलीजवळची खुर्ची चालवत होते. त्यांनी कपाटातून सुरावटींची एक हस्तलिखित वही काढली, कोरसचं पान उघडलं आणि त्या जागेवर बोट ठेवलं. देल्फीनाने चष्मा लावला. तिला एक क्षणही लागला नाही. खरा सूर खालच्या रेघेवरच होता, शाईचा ठिपका, फिकट पडलेला. त्याच्या वरचा गडद ठिपका शाईचा नव्हताच.

"ही माशीची घाण आहे," ती म्हणाली.

"आहेच," मास्तर म्हणाले. "पण माशी रोंकेल्लाची आहे. माझ्या आजोबांच्या मास्तरांनी ती वाजवली, गावाला गोड लागली. दर वीसेक वर्षांनी तुमच्यासारखं कुणीतरी शिकलेलं येऊन आम्हाला सांगतं. आम्ही त्यांना जेवू घालतो."

"म्हणजे सगळ्यांना माहीत आहे?"

"बँडमध्ये येणाऱ्याला पहिल्या दिवशी माशी दाखवतो. आणि बाहेरगावी गायला निघालेल्याला इथे बसवून ती जागा उतरून म्हणायला लावतो, घोटून घोटून. बाहेर फजिती नको."

देल्फीनाने चष्मा काढला. "ओरेस्ते बोस्कीलाही?"

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"तू त्याची मुलगी. हनुवटी त्याचीच आहे." त्यांनी वही मिटली. "त्याला मीच शिकवलं, पोरी. एकदा सांगितलं, पुरलं. तसा कान मला पुन्हा भेटला नाही. धुक्यात नुसत्या आवाजावरून सायकल कुणाची ते सांगायचा."

"मग तिथे ते चढले कसे?"

"चुकून नाही चढला. त्या प्रयोगाला त्याचा बाप गेला होता. अत्तीलिओ. जन्मात इथल्या जवळच्या पार्मा शहराच्या पुढे गेला नव्हता. जागा मिळाली माळ्यावर, खांबामागे, आणि डोळ्यांत मोतीबिंदू. रंगमंचावर साठ माणसं, सगळ्यांचे कपडे सारखे. ओरेस्ते मिलानला निघण्याआधी मला म्हणाला, मास्तर, त्यातला मी कुठला हे बाबाला कळणार कसं?"

चुलीत लाकूड सरकलं. मास्तरांनी ते चिमट्याने आत ढकललं.

"अत्तीलिओ परत आला तो गावभर सांगत सुटला, मी त्याला ऐकलं, साठांत ऐकलं. नोकरी गेल्याचं ओरेस्तेने त्याला कळू दिलं नाही. मलाही शपथ घातली. बाप वारेपर्यंत मिलानलाच तोंड लपवून राहिला, मग यायचं राहूनच गेलं. तुला नव्हतं सांगितलं?"

देल्फीनाने नकारार्थी मान हलवली. एका वाक्याने तिने वडिलांना गप्प केलं होतं, आणि ते तिच्यावर एका शब्दानेही उलटले नव्हते. ती लहान मुलीसारखी रडली, बाहीने नाक पुसत. मास्तरांनी तिला रडू दिलं आणि वही कपाटात ठेवून आले.

ती बाहेर पडली तेव्हा चौकात पुतळ्याचे बूटही दिसेनासे झाले होते. समोर कुठेतरी खानावळीचा दिवा होता, नुसता पिवळसर डाग. देल्फीना उभी राहिली आणि तिने कोरस सुरू केला, आधी ओठांत, मग मोठ्याने. ती जागा आली. तीस वर्षं ज्या हाताने असे सूर खोडले तो हात कोटाच्या खिशात घट्ट मिटला, आणि ती चढली.

खानावळीचं दार करकरलं.

"कोण गं ती?" धुक्यातून झेलिंदाने विचारलं. "आमच्यातलीच दिसतेस. कुणाची?"

"ओरेस्ते बोस्कीची," देल्फीना म्हणाली.