म्हसोबासमोरची फट

फाल्गुनातली सकाळ. पळसाला फूल, बाभळीला शेंग, आकाशाला फिकट निळी झाक. आणि या सगळ्याच्या मधून, शहराच्या कमरेला करकचून आवळलेल्या काळ्या करदोट्यासारखा, महामार्ग.

उजेडाच्या आधी तिथे आवाज येतो. उजेड गेल्यावरही तो जात नाही. लोहचक्री, धूम्रश्वासी, कर्कशकंठी आवाज. चांदमळा वसाहतीत कोंबडा आरवतो, पण तो आरवताना नुसता दिसतो.

वसाहतीच्या अगदी कडेला, रस्त्याकडे दार असलेल्या घरात हिंदुराव साळुंखे राहतो आणि त्याची बायको हौसाबाई. लकव्याने हौसाबाईचा हात नेला, चाल नेली, आवाजाचा गाभा नेला. मागे उरला तो कापसाच्या तंतूसारखा, दवानेही तुटेल असा, शुभ्र बारीक स्वर. खाटेवरून ती हाक मारते. हाक उंबऱ्यापर्यंत येते. उंबऱ्यावर महामार्ग उभा असतो.

एका दुपारी ती पाणी मागत राहिली. हिंदुराव बाहेर ओट्यावर, हाकेच्या अंतरावर, शेंगा फोडत बसला होता. आत गेला तेव्हा तिच्या ओठांवर पापुद्रा धरला होता आणि डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

म्हणून भिंत येणार हे कळल्यावर हिंदुराव लेकीच्या गाडीची वाट पाहावी तशी तिची वाट पाहू लागला. आवाज अडवणारी भिंत. लोखंडी खांब, खांबांमध्ये जाड करड्या फळ्या. रस्त्याचे ते रस्त्यालाच परत. दोन्ही अंगांनी ती आली. खांबामागून खांब, फळीवर फळी, उंच, करडी, मुकी. आली, आली, आणि नेमकी हिंदुरावाच्या दारासमोर थांबली.

तिथे म्हसोबा होता.

शेंदूरचर्चित, तैलस्निग्ध, रस्त्याकडे तोंड करून बसलेला गोल धोंडा. ट्रकवाले त्याला चालत्या गाडीतून हात जोडतात. एखादा थांबून नारळ फोडतो. देवाच्या नजरेआड रस्ता करायचा नाही, असे वसाहत म्हणाली. भिंत बांधणाऱ्या साहेबाने कपाळ पुसले आणि तुमचे तुम्ही ठरवा म्हणाला. बंडा गुरव म्हणाला, मग देवालाच विचारू, कौल लावू.

देवाच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लावायच्या, प्रश्न घालायचा आणि श्वास धरून थांबायचे. हा रस्ता बैलगाडीचा होता तेव्हा पाकळी पडायला अर्धा अर्धा दिवस जाई. देव विचार करी.

सारी वसाहत जमली. बंडाने पाकळ्या चिकटवल्या, डोळे मिटले, हात जोडले. "देवा म्हसोबा, तुझ्या म्होरं..." एवढेच तो म्हणाला. उजवीकडून एक ट्रक आला, भरलेला, भरधाव. त्याच्या वाऱ्याने उजवी पाकळी दगडाला आणखीच चिकटली आणि डावी उडून गेली.

हिंदुराव म्हणाला, प्रश्न तरी पुरा होऊ दे. पुन्हा पाकळ्या लावल्या. पुन्हा ट्रक, पुन्हा डावी. पुन्हा लावल्या. टँकर, डावी. गाड्या एका क्षणापुरत्या थांबवा असे हिंदुरावाने विनवले, तेव्हा कुणीतरी मागून म्हणाले, त्याला मंत्री व्हावे लागते.

"बंडा, ह्यो देवाचा कौल न्हाई," हिंदुराव म्हणाला. "ट्रकचा हाय."

"आबा, ट्रक तरी कुणाच्या इच्छेनं येतोय?"

लोक हसले. देवाचा नकार झाला. फट राहिली.

धरणाचे सारे दरवाजे मिटावेत आणि एकच उघडा ठेवावा, तसे झाले. पूर्वी जो आवाज वसाहतभर वाटला जाई, तो सगळा आता त्या एका फटीतून, म्हसोबाच्या डोक्यावरून, हिंदुरावाच्या दारात कोसळू लागला. भांडी थरथरली. भिंतीवरचा आरसा थरथरला. हौसाबाईच्या वाटीतले पाणी थरथरले.

तो साहेबाकडे गेला. बंडाकडे गेला. वसाहतीच्या मंडळाकडे गेला. सगळ्यांनी त्याचे नीट ऐकून घेतले, कारण त्यांच्या घरात आता ऐकू येत होते.

घरी येऊन त्याने सारा राग बायकोपुढे ओतला, ओरडून, जसा तो गेली कित्येक वर्षे तिच्याशी बोलत आला होता. देव बहिरा, गुरव बहिरा, गाव बहिरे. हौसाबाईने चांगला हात हलवला. त्याने कान तिच्या ओठांपाशी नेला.

"भिंत नगं म्हनलाय देव," ती म्हणाली. "पडदा नगं म्हनलाय का?"

हिंदुराव तसाच उठला आणि बंडाकडे गेला.

देवाला आंघोळ असते, नैवेद्य असतो, आणि नैवेद्यानंतर वामकुक्षी असते. तेव्हा पडदा ओढतात. कोणत्या देवळात ओढत नाहीत? बंडा गुरवाने हरकत शोधली. आकाशात पाहिले, जानव्याला हात लावला, मान खाजवली.

"म्हसोबाला आजवर कुनी झोपवला न्हाई, आबा."

"म्हनूनच असला कौल देतोय."

या वेळी लोक हसले ते बंडाला. बायका घरोघर गेल्या आणि गोधड्या घेऊन आल्या. आजीच्या लुगड्याची, बाळंतविड्याची, कुणी कधी न वापरलेली. डाळिंबी, मोरपंखी, राखी, हळदुली. थरावर थर, टाक्यावर टाका. दोन लोखंडी खांबांमध्ये आडवी दोरी बांधली, तिच्यावर गोधड्या टांगल्या आणि एका दोराने वर गुंडाळून ठेवल्या. ऊन डोक्यावर आले. भात-पिठल्याचा नैवेद्य झाला. बंडाने दोर सोडला आणि सगळे रंग एकदम, जडपणे, देव आणि रस्ता यांच्यामध्ये उतरले.

आवाज गेला नाही. तो कसा जाईल? पण दारात चपला काढून आल्यासारखा आत आला. जाडसर, खालमानेचा, अनवाणी.

हिंदुराव घाईने ओट्यावर येऊन बसला. दाराकडे तोंड केले आणि सवयीने, छाती भरून, ओरडला, "ऐकू येतंय का गं?"

आत काहीतरी दचकले. मग उंबरा ओलांडून, बारीक, शुभ्र, अखंड, तंतू बाहेर आला.

"अवो, हळू बोला. मी हितंच हाय."

हळू. हळू आवाज त्याच्यापाशीही होता एकेकाळी. तो कुठे ठेवला, ते त्याला आठवेना. त्याने ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. आणि खोल विहिरीतून जुनी घागर वर यावी, कडांना ठेचाळत, गळत, थांबत, तसे तिचे नाव त्याच्या घशातून वर आले. ओले, जड, आणि अगदी हळू.