हातांचं कडं

"त्या पाद्र्याला सगळं सांगत बसू नकोस गं. आपलं आपल्यात राहू दे," सासू तोक्तो बजावत होती, तेव्हा चिंपूनं ते हसण्यावारी नेलं. "अहो आत्याबाई, तो नुसता लिहितोय. कागदाला काय दात असतात?" पाद्र्यांच्या मठात राहून ती स्पॅनिश लिहा-वाचायला शिकली होती, घरात तिचाच शब्द चाले.

पाद्री भला माणूस. तिनं सांगितलेलं त्यानं भारावून लिहून घेतलं: रानातल्या विकुन्यांना, त्या हरणासारख्या लोकरी जनावरांना, साऱ्या गावानं हातात हात धरून वेढायचं, त्यांची रेशमासारखी लोकर कातरायची आणि सोडून द्यायचं. माद्यांना धक्का लावायचा नाही. मग चार वर्षं त्या दरीकडे फिरकायचं नाही. वेढ्यात ज्याचा हात सुटला, त्याच्या घराण्याला बट्टा.

ते लिखाण स्पॅनिश फौजेच्या कप्तानानं वाचलं. त्याला त्यात तेवढा वेढाच दिसला.

"कप्तानाच्या माणसांना फक्त लोकर हवीय," गावाला चिंपूनंच समजावलं. दरीची पाळी नव्हती, तरी सगळे उतरले. तान्ह्याला पाठीशी बांधून ती सासूशेजारी उभी राहिली.

"नीट धरा हो पंडितीणबाई, लेखणी नाहीये ही," तोक्तो म्हणाली. आजूबाजूला खसखस पिकली.

कडं आवळत आलं. मधोमध विकुन्या दाटल्या, कितीतरी पोटुशा, एकमेकींना चिकटून.

आणि कातऱ्यांऐवजी बंदुका आल्या.

कळप धडका देऊ लागला. "सोड! हात सोड, जाऊ दे त्यांना!" तोक्तो मनगट पिळत ओरडली. पण पाठीवर लेकरू किंचाळत होतं, आणि अंगात मुरलेलं एवढंच, की सोडायचं नाही. चिंपूनं पकड आणखी घट्ट केली. अख्ख्या गावानं केली. एक हात सुटला नाही, की एक जनावर.

तोक्तो गावात परतलीच नाही. वर दरीच्या तोंडाशी दगडांच्या आडोशाला राहते. चुकूनमाकून एखादी विकुन्या येईल म्हणून झऱ्यातला गाळ उपसते. चिंपू भाजलेला मका घेऊन गेली, की तोक्तो दोन्ही हात शालीत लपवते.

आता तिकडे पाणी गोठू लागलंय. घाटातून जाणाऱ्या प्रत्येकाला चिंपू अडवते. तुम्ही त्या वाटेनं निघालात, तर तुम्हालाही हेच विनवेल: "झऱ्यापाशी आमच्या आत्याबाई असतात. जरा हाक मारून बघा ना, ओ देतात का. मी सांगितलं म्हणू नका."