बाळ येशूची विकतची गादी

मी तांब्याची कढई. माझं वय काढू नका मित्रांनो, आणि आजवर किती वेळा कल्हई झाली तेही विचारू नका. मकावमधल्या एका तांबटाने ठोकून ठोकून मला आकार दिला, दोन्ही बाजूंना कड्या बसवल्या आणि माझ्या आताच्या मालकिणीच्या, ओदेतच्या, आजीने लग्नाच्या वर्षीच मला घरी आणलं. एरवी मी माळ्यावर पडून असते. माझं काम एकच, पण ते मानाचं. नाताळात माझ्यात आलुवा शिजतो.

नाव ऐकून तुम्हाला हलवा आठवला असेल, तर बरोबरच आठवला. चिकट तांदळाचं पीठ, नारळ, साखर, लोणी आणि बदाम घालून दुपारभर घोटायचा, हात म्हणून थांबवायचा नाही. आमच्या जुन्या ख्रिस्ती घरांत या आलुव्याला बाळ येशूची गादी म्हणतात. तळलेल्या पातळ पापुद्र्याची दुलई असते आणि सारण भरलेल्या छोट्या उशा असतात. हे सगळं बशीत मांडून गोठ्याच्या देखाव्यात बाळापाशी ठेवतात, म्हणजे त्याला थंडी वाजत नाही. दुलई आणि उशा ओदेतची मावशी, टीटी गुइदा, तिच्या घरून आणते. गादी मात्र आमच्या घरची. आधी आजीने घोटली, मग तिच्या लेकीने, म्हणजे ओदेतच्या आईने. तिचं नाव लिओकादिया, पण घरात सगळे तिला माई म्हणत.

ओदेतने काय केलं? तिने खाल्ली! एवढी मोठी झाली, हॉटेलात नोकरीला लागली, तरी उलथन्याला कधी हात लावला नाही. मग एका वर्षी माईची नजर गेली. हातही कापायला लागले.

"यंदा हात तुझे, तोंड माझं," माई म्हणाली. "मी खुर्चीत बसून नुसते हुकूम सोडणार."

"सोड की. जन्मभर दुसरं काय केलंस?"

"हसू नकोस. आत्ता शिकली नाहीस तर ही गादी माझ्याबरोबर जाईल, सांगून ठेवते."

"शनिवारी दुपारी, माई. अगदी नक्की."

शुक्रवारीच ओदेतने मला खाली काढलं, मीठ आणि व्हिनेगर लावून लखलखीत घासलं आणि शेगडीवर ठेवलं. मी तर हरखूनच गेले. शनिवारी जेवण झाल्याबरोबर माईने चाचपडत एप्रन बांधला आणि माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली. मध्येच हात लांब करून माझी कडी चाचपायची, जागच्या जागी आहे ना बघायची. फोन वाजला.

"माई, ड्युटी वाढली गं. माणसांची झुंबड आहे नुसती. उद्या करू."

"बरं," माई म्हणाली. अंधार पडेपर्यंत तिने एप्रन सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी नाताळची पूर्वसंध्या. टीटी गुइदा माईला कबुलीजबाबासाठी चर्चमध्ये घेऊन गेली. आई तिकडे पापं सांगायला गेली आणि इकडे लेकीने नवं पाप मांडलं. ओदेतने पिशवीतून एक डबा काढला. कुणी एक बाई घरी ऑर्डरी घेतात, त्यांच्याकडचा आलुवा होता तो. तिने तो माझ्यात उलटला, उलथन्याने थापून सारखा केला, माझ्या काठांना थोडं लोणीही फासलं. मित्रांनो, माझ्याखाली जाळ नव्हता. गार तांब्यात गार आलुवा. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण आम्हा भांड्यांना तोंड कुठे असतं? जे ओतलं ते आपलं म्हणायचं.

माई परतली आणि दारातच थबकली.

"झाला आलुवा?"

"हो माई, उरकला एकदाचा."

"बरं," माई पुन्हा तेवढंच म्हणाली.

नाताळच्या दुपारी घर माणसांनी भरून गेलं. टीटी गुइदाने तुकडा तोंडात टाकला आणि डोळेच मोठे केले. "अगं बाई! हुबेहूब लिओकादियाचा हात!"

"माझ्यापेक्षा सरस," माई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आणि एकटीने केला हं! मी घरातसुद्धा नव्हते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओदेतने आपली बशी तशीच खाली ठेवली. ती पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आली आणि माझ्यासमोर नळ सोडून तशीच उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

पाहुणे गेल्यावर ती माईपाशी जाऊन बसली. "माई, तो आलुवा..."

"वास नव्हता गं," माई म्हणाली. "आलुवा शिजला की पडद्यांना आठवडाभर वास राहतो. मी दार उघडलं तर घरात फिनाइलचा वास."

"तुला माहीत होतं? मग सगळ्यांसमोर माझं कौतुक कशाला केलंस?"

"मग काय, गुइदासमोर तुझी लाज काढू? तिला वर्षभर पुरलं असतं ते!"

ओदेत रडायलाच लागली. सांगायचं म्हटल्यावर सगळंच सांगून टाकू म्हणाली. "शनिवारी ड्युटी नव्हती, माई. दुपारीच सुटले होते. मैत्रिणींबरोबर कॉफी पीत बसले. कंटाळा आला होता मला, तासन्‌तास उभं राहून घोटायचा."

माईचा चेहरा बारीक झाला. 

"तेवढं सांगितलं नसतंस तरी चाललं असतं," ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं सगळं. पण माईच ती! तिने लेकीच्या पाठीवर एक धपका घातला. "ऊठ, तोंड धू. तीन राजांच्या सणापर्यंत, सहा जानेवारीपर्यंत, बाळ गोठ्यातच असतं. सणाच्या आधी त्याची गादी बदल."

आणि बदलली. सणाच्या आदल्या दुपारी माझ्याखाली खरा जाळ लागला. ओदेत घोटत होती, माई तिच्या मनगटावर हात ठेवून शिकवत होती. "बुडातून घोट. गुदगुल्या काय करतेस? जोर लाव!" ओदेतचा दंड भरून आला, तरी ती थांबली नाही. "आता शेवटची गोष्ट," माई म्हणाली. "डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळतं. आलुवा व्हायला आला की कढईचा आवाज बदलतो. तो आला की मी सांगते. त्या क्षणी उतरवायचा."

पण माई थकली होती. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. ओदेतला तिला उठवावंसं वाटेना. आवाज आला आणि गेला. आलुवा माझ्या बुडाला लागला.

माईने जाग आल्यावर तुकडा चावून पाहिला. "गादी कसली, फळी केलीस! बाळाची पाठ मोडेल." मग हसत हसत दुसरा तुकडा मागितला. "असू दे. पुढच्या वर्षी तो आवाज ऐकवते तुला."

पुढचा नाताळ माईने पाहिला नाही.

आता ओदेत दर नाताळात मला खाली काढते. ड्युटी बदलून घेते, डब्यातलं काही आणत नाही. एकटीच घोटते आणि शेवटी वाकून माझ्याजवळ कान आणते. कधी आलुवा फळीसारखा कडक होतो, कधी करपतो. टीटी गुइदा बराच वेळ चावत म्हणते, "छान झालाय गं. पण तू पहिल्यांदा केलास, त्या वर्षीची सर नाही." ओदेत मान खाली घालते. शनिवारची ती दुपार तिच्या मनातून जात नाही. त्या दुपारी माई ताजीतवानी होती, जागी होती, तो आवाज नक्की ऐकवला असता तिने.

मित्रांनो, तो आवाज मी अजून दरवर्षी करते. तिला तो ओळखता येत नाही, आणि ती घोटतच राहते.

म्हणून सांगते. आम्हाला घासा, कल्हई करा, माळ्यावर विसरू नका, हे तर आहेच. पण आमची भाषा कळणारं माणूस घरात आहे तोवर, कंटाळा आला तरी त्याच्याशेजारी येऊन उभे राहा. आमचं काय, आम्ही खूप वर्षं टिकतो.