ओरगडमची लालसर जमीन

श्रीविद्याचं सिमेंट लालसर होतं, आणि तिथंच घोडं अडत होतं.

चेन्नईबाहेर, ओरगडमजवळच्या एका लहान सिमेंट कारखान्याची प्रयोगशाळा ती सांभाळायची. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातूनच हवा तापवणारा कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणून तिनं भाजलेल्या चुनखडीचा वाटा जवळपास निम्म्यावर आणला आणि त्या जागी कमी आचेवर भाजलेली चिकणमाती घातली. सिमेंट उत्तम जमलं, पण विकलं जाईना. बिल्डर म्हणायचे, गिऱ्हाइकाला ही विटांची भुकटी वाटेल. अशा सिमेंटसाठी सरकारनं मानक काढलं होतं, तरी निविदा लिहिणाऱ्यांच्या हाताला जुन्याच नावांचं वळण. तिचे वडील, अप्पा, म्हणजे अनंतकृष्णराव, चेन्नईतल्या पेरुंगुडीत राहणारे निवृत्त इंजिनियर. तेही तिला लाडानं म्हणाले, “कण्णा, लोक सिमेंट डोळ्यांनी घेतात. करडं नसेल तर हात लावत नाहीत.”

शेवटी कुमुदिनी तयार झाली. तिचा ट्रकचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता, आणि परदेशी गिऱ्हाइकं आता हवेत किती कार्बन सोडला याचा हिशेब मागत होती. “माझ्या नव्या गोदामाची जमीन तुझ्या सिमेंटची,” ती म्हणाली.

मे महिन्यातली दुपार. काँक्रीटची गाडी वाटेत अडकली आणि पोचली तेव्हा आतला माल पिठाच्या गोळ्यासारखा घट्ट झालेला. ठेकेदार व्यंकटेश म्हणाला, “मॅडम, पाणी मारू. चालून जाईल.”

“नाही. पाण्यानं ताकद जाईल. गाडी परत न्या.”

कुमुदिनीचा चेहरा पडला. “मग जुनंच सिमेंट मागवू?”

“एकदा अजून संधी द्या मला,” श्रीविद्या म्हणाली.

चूक कुठं झाली ते परतीच्या वाटेवरच तिच्या ध्यानात आलं. सगळे प्रयोग तिनं एसीच्या गारव्यात केले होते, आणि उन्हात माल लवकर घट्ट होतो. मग तिनं मिक्सर कारखान्याच्या अंगणात, भर उन्हात मांडला. काँक्रीट पातळ ठेवणाऱ्या रसायनाचं प्रमाण बदलत राहिली, घामानं भिजली, आणि माल रस्त्यावरच्या सगळ्या खोळंब्यातही वाहता राहील असं झाल्यावरच थांबली.

दुसऱ्या खेपेला उजाडताच गाडी आली. न बोलावता अप्पाही आले, लुंगीसारखी पांढरी वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून. काँक्रीट सपसप पसरलं. व्यंकटेशनं थापी फिरवली आणि पुटपुटला, “लोण्यासारखं आहे की!”

महिन्याभरानं ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे ठोकळे दाबयंत्रात घातले. काटा हव्या त्या आकड्याशी पोचला, पुढं गेला, आणि जातच राहिला. ठोकळा फुटला तेव्हा व्यंकटेशनं टाळी वाजवली. “समुद्राकाठी मासळीबाजाराची शेड बांधायची आहे मला,” तो म्हणाला. “तिथं सळ्या गंजतात, आणि हे खारं पाणी आत शिरू देत नाही म्हणे. हेच द्याल?”

श्रीविद्यानं वही उघडली आणि शेडची मापं विचारली. अप्पा तोवर बाहेर जाऊन तंजावरच्या भावाला गोदामाच्या लालसर जमिनीचा फोटो पाठवून फोनवर मोठ्यानं सांगत होते, “नाही रे, रंग दिलेला नाही! जमीनच तशी आहे. आमच्या श्रीविद्यानं केलीय!”