हाडं नसलेल्यांनाच लागलेली नजर

दाताच्या दवाखान्यात हौसेनं कोणी जात नाही. पण त्या बुधवारी सकाळी बसायच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि आलेल्यांपैकी निम्म्यांचे दात ठणठणीत होते. ही मंडळी मेलेली टाकी बघायला आली होती.

टाकी खाऱ्या पाण्याची, पुरुषभर लांब. रविवारपर्यंत तिच्यात जिवंत प्रवाळ होते, बोटं हलवणारं जांभळं समुद्रफूल होतं, लाल पट्ट्यांच्या कोळंब्या होत्या, काचेवर चढणाऱ्या गोगलगायी होत्या. दाढ काढायला आलेलं रडकं पोरदेखील तिच्यापुढे गप्प बसायचं. आता प्रवाळ पांढरेफटक पडले होते आणि पाण्याला वास येत होता.

"तीन दिवसांत म्हणाले होते, बरोब्बर तीन दिवस!" कवळी बसवायला आलेले आजोबा बोळक्या तोंडानं सांगत होते.

म्हणाले होते ते जलगुरू. अंगात निळा अंगरखा, आवाज मधात बुडवलेला. डॉक्टरीणबाईंच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि बाईंची पाचावर धारण बसली होती. तेवढ्यात रविवारी हे गृहस्थ कुणाच्या तरी ओळखीनं आले. बशीएवढी, लालसर, चकाकणारी तबकडी त्यांनी टाकीत सोडली. तिचं नाव सागरकवच. "या घरावर संकट आहे," ते म्हणाले, "पण समुद्र ते स्वतःच्या अंगावर घेईल. तीन दिवसांत." मंगळवारी संध्याकाळी आई ऑपरेशनमधून सुखरूप बाहेर आली आणि बुधवारी सकाळी टाकी मेली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण फांदीचा विचार करतो कोण! सगळे कावळ्याच्या पाया पडायला धावले.

खोलीत एकटी मावशीच तोंड आवळून उभी होती. दवाखान्यातली हत्यारं धुणारी, उकळणारी ही बाई. आठ वर्षं टाकीही तिच्याच हाती होती. रोज सकाळी पाण्याचा खारटपणा बघायचा, ऊब बघायची, वहीत लिहायचं. सोमवारी दुपारी गोगलगायी टपाटप खाली पडल्या तेव्हाच तिला धस्स झालं होतं. मंगळवारी समुद्रफुलाचा चिकट लगदा झाला. तिनं सडलेलं सगळं उपसलं, खारं पाणी नवं कालवून अर्धी टाकी बदलली, विष शोषायला कोळशाची पिशवी टांगली, हवेचा पंप वाढवला. दोन केशरी मासे तेवढे बादलीत काढून ठेवले. आणि तरीही बुधवारी उरलेले प्रवाळ गेले. ताज्या पाण्यात का मेले, हे कोडं तिला सुटत नव्हतं.

"शनिवारी पाणी चोख होतं," ती मोठ्यानं म्हणाली. "पाण्यात काहीतरी विष गेलंय."

टाकीशीच उभ्या असलेल्या जलगुरूंनी बाही वर सारून तबकडी बाहेर काढली. तिच्यावर हिरवट थर चढला होता.

"बरोबर बोलतेय ही. विषच होतं, आणि माझ्या कवचानं ते प्यायलं! हिरवं पडलंय, बघा. समुद्राला स्मरण असतं, स्मरणाला तरंग असतात, तरंगांना दिशा असते..." इथं त्यांनी डोळे मिटले. त्या वाक्याला शेंडा ना बुडखा, पण माना डोलल्या. "खरं तर एकच जीव जायला हवा होता. सगळे का गेले? रोज या काचेला नाक लावून कोण बसतं?"

सगळी खोली मावशीकडे वळली. कुणीतरी पुटपुटलं, नवरा पण असाच अचानक गेला हिचा. पांढऱ्या पायाची.

मावशीनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. बाई शिकलेल्या, भिंतीवर तीन पदव्या. त्या म्हणाल्या, "मावशी, आई घरी येईपर्यंत तुम्ही येऊ नका."

"आणि त्यानंतर?"

बाई टाकीकडे वळल्या. मावशी माशांची बादली उचलून निघाली. आठ वर्षांची नोकरी गेली याचं दुःख होतंच, पण आता या गल्लीत प्रत्येक आई तिला बघून पोर पदराआड ओढणार, या विचारानं तिच्या अंगाची आग होत होती.

घरी मामंजी, म्हणजे तिचे सासरे, खिडकीशी बसले होते. चाळीस वर्षं गोदीत बोटींचे तळ रंगवून गुडघे गेलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेलं काय काय, ते नीट सांग."

"प्रवाळ, समुद्रफूल, कोळंब्या, गोगलगायी. सगळं."

"सगळं कसं? मासे?"

"ते हे काय, पोहतायत. मंगळवारपर्यंत तेही त्याच पाण्यात होते."

मामंजी बादलीत बघत राहिले. मग मोठ्यानं हसले. "अगं, हाडवाले जगले आणि बिनहाडाचे मेले! जन्मभर मी दुसरं काय केलं? बोटीच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून जो रंग लावतात, त्यात काय असतं? तांबं! खाऱ्या पाण्यात ते कणाकणानं विरघळतं. माशाला थोडंफार सोसतं, पण बिनहाडाच्या जिवाला चिमूटभर पुरतं. त्या भामट्याची तबकडी कशाची होती?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पाणी बदललं, कोळसा टांगला, पण तबकडी तिथंच पडून होती, नव्या पाण्यातही विष सोडत. मावशीनं कपाळावर हात मारला.

मग तिनं टाकीचं मीठ विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. तो चटकन म्हणाला, "निळा अंगरखा का? मावशी, हॉटेलातली टाकी गेली, वकिलांची गेली. दोन्हीकडे हाच. गोड्या पाण्याच्या टाकीला बोट लावत नाही. प्रवाळ बघूनच भाकीत करतो."

"म्हणजे त्याला ठाऊक आहे."

"तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं."

शनिवारी सकाळी जलगुरू नव्या पाण्यात नवं कवच सोडणार होते. गर्दी आधीच्या दुप्पट. मावशी दारातून आत आली तेव्हा लोक असे बाजूला सरले की तिला आयतीच वाट मिळाली. तिच्या दोन्ही काखांत एकेक काचेची बरणी होती. तिनं त्या टेबलावर मांडल्या.

"हिला कोणी बोलावलं?" जलगुरू म्हणाले.

"नजर माझी आहे ना? मग तिची परीक्षा मलाच घेऊ दे," मावशी म्हणाली. "दोन्ही बरण्यांत धक्क्यावरचं एकाच बादलीतलं पाणी. दोन्हींत धक्क्याच्या दगडांवरच्या सहा-सहा गोगलगायी. काल सकाळपासून दोन्ही माझ्याच घरात, आणि दोन्हींकडे मी सारखंच बघितलंय. अगदी नाक लावून."

लोक वाकले. डाव्या बरणीत सहाही गोगलगायी काचेवर चढल्या होत्या. उजवीत सहाही तळाशी, तोंडं गच्च मिटून पडल्या होत्या. त्यांच्यामध्ये एक छोटी तबकडी होती.

"तबकडी माझी आहे," आजोबा पुढे आले. "यांच्याकडूनच घेतलेली. मावशीनं मागितली, दिली. दात नाहीत मला, डोळे आहेत."

"संकट तिथंही पोचलं!" जलगुरूंचा आवाज चढला. "या बाईच्या घरात..."

"घर एकच, संकट एकाच बरणीत?" मावशीचा आवाज त्यांच्याहून चढला. "तांबं आहे ते, तांबं! समुद्रातल्या बिनहाडाच्या जिवांचं विष. आणि माझी नजर म्हणाल, तर ती एवढी शिकलेली कधी झाली? मासे सोडले आणि हाडं नसलेले तेवढे वेचून मारले? घ्या, तुमच्या हातानं हीच तबकडी डाव्या बरणीत टाका. उद्या सगळ्यांनी येऊन बघू. टाका ना!"

जलगुरूंनी घड्याळाकडे पाहिलं. हॉटेलात आणि वकिलांकडे काय झालं तेही तिनं विचारलं, तेव्हा त्यांना दुसरीकडची तातडीची बोलावणी आठवली. समुद्राचं स्मरण थोर असेल, पण नवं कवच टेबलावरच विसरून ते जिना उतरले.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "पण आई वाचली, मावशी. मला वाटलं..."

"आईंना सर्जननं वाचवलं, बाई. रात्रभर नाडी बघणाऱ्या नर्सनं वाचवलं. त्यांचं श्रेय मेलेल्या कोळंबीला देऊ नका."

बाईंचे डोळे भरले. "सोमवारी या."

"येईन. पण मला पांढऱ्या पायाची म्हणताना ही खोली भरलेली होती. आताही भरलेली आहे. चूक झाली, हे इथंच, सगळ्यांसमोर म्हणा."

बाई म्हणाल्या. मान वर करून, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मागे कुणीतरी घसा खाकरला. बुधवारी पुटपुटलेला आवाज बहुधा तोच असावा.

मावशीनं उजव्या बरणीतल्या गोगलगायी ताज्या पाण्यात हलवल्या. दुपारपर्यंत दोघींनी तोंड उघडलं, चौघी उठल्या नाहीत. टाकी पुन्हा भरायला वर्ष लागेल, हेही तिनं बाईंना सांगून टाकलं.

त्या दोन बरण्या आजही दवाखान्याच्या टेबलावर आहेत. रिकाम्या, घासून लख्ख. शेजारी मावशीच्या अक्षरात कागद चिकटवलाय: 'कोणी चमत्कार दाखवला, तर दुसरी बरणी मागा. तो ती दाखवत नसेल, तर पहिलीवर विश्वास ठेवू नका. आणि तोवर कुणा बाईकडे बोट दाखवू नका.'