सगळे एकदम दारात

मित्रांनो, कल्पना करा. तुम्ही खोलीत एकटेच आहात आणि शेकडो माणसे एकाच वेळी ओरडत आहेत, "माझं नाव कुठे आहे? माझं आधी सांगा!" काय अवस्था होईल तुमची?

मी एक जुना सर्व्हर आहे. कॉलेज प्रवेशाच्या वेबसाइटची सगळी माहिती माझ्या पोटात असते. नवा होतो तेव्हा माझे कोण कौतुक! येणारे-जाणारे काचेतून डोकावत. पुढे मी बिनतक्रार चालत राहिलो आणि सगळे मला विसरले.

मग प्रवेश पक्का करण्याचा शेवटचा दिवस आला. ऑफिस बंद होईपर्यंत होकार कळवला नाही, तर जागा जाणार होती. मला सांभाळणाऱ्या मावशीच्या टेबलाशी तिच्या दोन भाच्या बसल्या होत्या. थोरलीची, म्हणजे ताईची, जागा पक्की व्हायची होती. ती कागदपत्रे पुन्हा पुन्हा तपासत होती, म्हणून फोन धाकट्या चिमीकडे होता. पान उघडेना. चिमी ते पुन्हा उघडायचे बटण दाबतच राहिली.

मावशीचे साहेब धावत आले. "लोक ताटकळलेत! सगळ्यांना आत घ्या."

मावशीने एका वेळी आत येणाऱ्यांची मर्यादा वाढवली. एकच झुंबड उडाली. प्रत्येकाला जागा देता देता माझी मेमरी संपली. एकाचे काम उचलावे, तोच ते ठेवून दुसऱ्याचे घ्यावे. पुरे एकाचेही होईना. माझा जीव घाबरा झाला. मी कोसळलो तर किती जणांच्या जागा जातील!

"चुकलं माझं," मावशी म्हणाली. "मर्यादा आधीपेक्षाही कमी करते."

"कमी? डोकं ठिकाणावर आहे का?"

"त्याच्या हातात थोडीच कामं राहू देत, साहेब. बाकीचे रांगेत थांबतील."

तिने तसे केले आणि मला श्वास घेता आला. एक काम पुरे झाले, मग दुसरे, मग भराभर.

"मावशी, मशीन तुझंच ना? मग आमचं आधी घे की!" चिमी म्हणाली.

"मशीन माझं गं, पण रांग सगळ्यांची. आणि तू बटण दाबलंस की परत रांगेच्या शेवटी जातेस. त्याला तोच प्रश्न पुन्हा सोडवावा लागतो, तो वेगळाच."

मित्रांनो, मी कामाला कधी नाही म्हणत नाही. फक्त हातातले पुरे करू द्या.

"पण वेळ संपली तर?" ताईचा आवाज रडवेला झाला. मावशीचीही नजर घड्याळावर होती.

चिमीने फोन टेबलावर ठेवला. ताईचा अंगठा हळूच त्या बटणाकडे सरकला. चिमीने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट धरून ठेवला.