सावडीचं बोलावणं

नम्रतानं फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली आणि बंद पडली. मग तिनं पोपटकाकांना मेसेज टाकला, 'काका, सुनावणी आजच आहे. सगळ्यांनी यायलाच हवं. प्रवासभाडं संस्था देईल.' असाच मेसेज तिनं कालही पाठवला होता, परवाही. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर मात्र नाही.

"येतील का गं?" कर्जतच्या तहसील कचेरीच्या पायरीवर बसलेल्या जनीनं विचारलं.

जनीचा पाडा ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाला चिकटलेला. हल्ली पाऊस असा एकदम कोसळतो की दरडीच्या धास्तीनं पाड्यावर कुणाचा डोळ्याला डोळा लागत नाही. तिचं मागणं साधं होतं: वर पाऊस मोजायचं यंत्र आणि भोंगा, आणि भोंगा वाजला की उतरून राहायला खालच्या गावचं समाजमंदिर. साहेबांची अट एकच. खालच्या गावानं समोर येऊन हो म्हणायचं. आणि खालचं गाव म्हणजे पोपटकाकांची शेतकरी संघटना, जिचा आज पत्ताच नव्हता.

गेल्या वर्षी शेतकऱ्यांची, भाजीवाल्यांची आणि पाड्याची अशा तीन संघटना एकत्र बसल्या तेव्हा आधी कुणाची मागणी यावरून चांगलीच जुंपली होती. कागदपत्रं सांभाळणारी नम्रताची संस्था मध्ये पडून थकली. शेवटी पोपटकाकाच म्हणाले होते, "लावणीला करतो तसं करू की. सावड. आज तुमच्या शेतावर, उद्या आमच्या."

ठरलं. सगळ्यांनी मिळून रिसॉर्टवाल्यानं बुजवलेला शेतकऱ्यांचा ओढा मोकळा करून घेतला. मग शिळफाट्यावर उन्हात भाजी विकणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर आलं. जनीची पाळी शेवटची. ज्यांचं काम होऊन गेलंय ते शेवटच्याच्या बांधावर कशाला येतायत? गरज सरो नि वैद्य मरो. नम्रताच्या मनाला हेच कुरतडत होतं, म्हणून तर एवढे मेसेज.

शिळफाट्याची सुंदरा तिच्या भाजीवाल्या बायका घेऊन केव्हाच आली होती. तिनं मान वाकडी करून फोनमध्ये पाहिलं.

"वाच बघू काय लिवलंस ते."

नम्रतानं वाचलं. सुंदरानं कपाळाला हात लावला.

"घात केलास गं पोरी."

"का? आठवणच तर करून दिली."

"सावडीला माणूस एकदाच बोलावतात. परत परत बोलावलं म्हणजे तुझा भरवसा नाय त्याच्यावर. आणि वर भाडं? भाडं मजुराला देतात, सावडीला नाय."

नम्रताचे कान तापले. अख्खा पाडा आपल्या अतिशहाणपणामुळे उघड्यावर पडणार, या विचारानं तिला रडूच यायला लागलं. ती घाईघाईनं माफीचा मेसेज लिहायला लागली. जनीनं तिच्या हातावर हात ठेवला.

"आता पुरे कर तो फोन."

तेवढ्यात शिपायानं आत बोलावलं. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा वर सरकवला.

"खालच्या गावाकडून कोण आहे?"

जनी फरशीकडे बघत उभी होती. नम्रता खोटं काहीतरी सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात दाराबाहेर चपलांचा ढीग पडल्याचा आवाज झाला.

"आमी हाय, साहेब." पोपटकाका घामाघूम होऊन आत आले. मागे निम्मं गाव. त्यांनी खिशातून दोन किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. "समाजमंदिराच्या. एक जनीबाईकडं ऱ्हाईल. अपरात्री पावसात आमाला उठवत बसायला नको. दुसरी किल्ली बनवून घ्यायला बाजारात थांबलो, म्हणून उशीर झाला."

जनीनं किल्ली उचलली, पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. साहेब मंजुरीचा शेरा लिहायला लागले. नम्रताला किती हलकं वाटलं म्हणून सांगू, तिथंच भिंतीला टेकली ती.

बाहेर आल्यावर ती पोपटकाकांजवळ गेली.

"काका, मेसेजचं चुकलं माझं."

"चुकलंच. लई राग आला व्हता मला. आमच्या ओढ्यापायी ही जनीबाई डोंगर उतरून आली, तिनं भाडं मागितलं व्हतं का?" काकांनी कपाळावरचा घाम पुसला. "जाऊ दे. तुला कुणी कधी सावडीला बोलावलंच नसंल, तर कळणार कसं? लावणीला ये आमच्याकडं."

"कधी?"

"पाऊस लागला की."

ते टेंपोत चढले. नम्रतानं सवयीनं फोन काढला, आठवण लावून ठेवायला.

"एकदाच सांगितलंय हां," टेंपोतून काका म्हणाले.

तिनं फोन पिशवीत टाकला.